भट्टीच्या तोंडाशी रंग

बुधवारी सकाळी बाबांनी स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला आणि आपण केवढं मोठं काम केलं हे आईला तीनदा सांगितलं. नळ तरीही गळत होता.

"नवा आहे, बसायला वेळ लागतो," ते म्हणाले.

"तुम्ही बसलात तेवढं पुरे," आई म्हणाली.

मी टेबलाशी उभी राहून घाईघाईत ब्रेड खात होते. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय मास्तर, आज काय छापताय?"

मी शाळेत असताना त्यांच्या अर्जातल्या चुका लाल पेनाने काढायचे, तेव्हापासून मी मास्तर. नोकरीला लागल्यावरही हाक तीच राहिली. पोलादी झडपा बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कामाला होते. पाण्याच्या आणि वायूच्या मोठ्या नळांवर बसतात त्या झडपा. कंपनी शेअर बाजारात होती. तिच्याबद्दल गुंतवणूकदारांना जे सांगायचं ते चांगल्या भाषेत लिहायचं, हे माझं काम. नवी ऑर्डर, नवा करार, नवी भट्टी. बाबांच्या लेखी ते सगळं 'छापणं'.

"तुमची ती नवी भट्टी," ते म्हणाले, "तू पाहिलीस?"

"बाबा, कारखाना तीन तासांवर आहे. मी इथे ऑफिसात बसते."

"फोटो तर छापलास."

"फोटो आला, छापला."

"हं."

"हं काय?"

"काही नाही. रंग छान आहे."

"अहो, तिला डबा घेऊ द्या," आई म्हणाली. "भिंतीला ताप आलाय का ते मग बघा."

हे वाक्य फक्त आमच्या घरातलं. बाबांनी पस्तीस वर्षं भट्ट्यांना आतून विटा लावल्या होत्या. थंड भट्टीत रांगत शिरायचं, वितळलेलं पोलाद ज्यांना झेलायचं असतं त्या विटा एकेक करून बसवायच्या आणि भट्टी पेटली की बाहेरून तिच्या अंगाजवळ तळहात धरून आतलं अस्तर कुठे झिजलंय ते ओळखायचं. ती सवय घरीही सुटली नाही. कुणाच्याही घरी गेलो की बोलता बोलता त्यांचा हात भिंतीवर जायचा. आईने त्याचं 'भिंतीला ताप आलाय का' केलं. पुढे कुणीही फार खोलात शिरायला लागलं की आम्ही तिघंही तेच म्हणायचो.

मी डबा घेतला आणि निघाले. मागे वळून पाहिलं नाही. बुधवारी कोण वळून पाहतं?

ऑफिसात सकाळचा पहिला तास मंचावर जायचा. छोट्या कंपन्यांच्या शेअरवर हुज्जत घालायला हजारो माणसं जमतात असा एक मंच इंटरनेटवर आहे. तिथे कुणी खऱ्या नावाने बोलत नाही. प्रत्येक कंपनीच्या पानावर दोन तट असतात, ढोल वाजवणारे आणि खडे काढणारे. ढोलवाल्यांना शेअर उद्याच दुप्पट होताना दिसतो आणि खडेवाल्यांना कंपनी परवाच बुडताना दिसते. दोघांकडे पुरावा सारखाच असतो, म्हणजे नसतोच. पण आमच्या पानावर चार महिन्यांपूर्वी एक खडेवाला आला होता, त्याचं तसं नव्हतं. त्याने नाव घेतलं होतं 'शेवटचा बाक'.

मंचावर माझंही एक नाव होतं, 'उंच उडी'. कल्पना आमच्या विभागप्रमुखांची. त्यांना आम्ही मॅडम म्हणत असू. "खोटं काही लिहायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या, "फक्त वातावरण राखायचं. छोट्या कंपनीचा शेअर म्हणजे तान्हं बाळ. कुणी जोरात शिंकलं तरी दचकतं." वातावरण राखण्यात मी तरबेज होते. खूप वाचलेल्या माणसाला टोमणा मारणं सोपं जातं.

शेवटचा बाक टोमणे मारत नसे. तो बिनविरामाची लांबलचक वाक्यं लिहायचा आणि एकाच गोष्टीला धरून बसायचा. त्या बुधवारी त्याने लिहिलं होतं:

'भट्टीच्या तोंडाशी रंग टिकत नाही सहा महिने सोडा सहा दिवस टिकत नाही कंपनी म्हणते भट्टी सहा महिने चालू आहे फोटोत तोंडाशी रंग कोरा आहे हा पेटलेल्या भट्टीचा फोटो नाही भट्टी कधी पेटवली ती तारीख कंपनीने सांगावी'

खाली 'बाराहजारी' नावाच्या एका ढोलवाल्याने लिहिलं होतं, "काका, रंगाचं दुकान आहे का तुमचं?" दुसऱ्याने, "ह्यांना आधी पूर्णविराम विकत घेऊन द्या रे कुणीतरी."

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तो फोटो मॅडमकडून माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चिन्ह होतं. ते आमच्या कंपनीचं नव्हतं. मी विचारलं, "हे कुणाचं?" त्या म्हणाल्या, "भट्टी बनवणाऱ्यांचं असेल. काप." मी कापलं. चार सेकंदांचं काम. त्या वेळी मला काहीच कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मी कळण्याच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि दार लावून घेतलं.

म्हणूनच तो माणूस मला सलत होता. दुपारी मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "ह्या बाकाला एकदा बसव ना नीट. तीन आठवड्यांवर भागधारकांची सभा आहे." मी उंच उडी होऊन लिहिलं:

"आजोबा, तुम्ही भिंतीला ताप आलाय का ते बघत बसा. आम्ही नफा बघतो. आणि धाप लागली असेल तर मधे एखादा पूर्णविराम घ्या, फुकट असतो."

पाच मिनिटांत दोनशे लोक हसले. बाराहजारीने लिहिलं, "भिंतीला ताप! उंच उडी, पाया पडतो तुमच्या." मॅडमनी खांद्यावर थाप मारली. शेवटचा बाक एरवी दहा मिनिटांत उत्तर द्यायचा. त्या दिवशी दिलं नाही.

रात्री जेवताना बाबा कमी बोलले. पण ते जेवताना नेहमीच कमी बोलायचे, त्यामुळे मला त्यात काही दिसलं नाही. मधेच म्हणाले, "तुमच्या ऑफिसात कुणी काय लिहायचं, ते कोण ठरवतं?"

"बाबा, मी दमलेय हो."

"बरं मास्तर." त्यांनी ताट उचललं, धुतलं, नळ दोनदा पिळून बंद केला. "उद्या जरा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो. यायला दुपार होईल."

मी मान डोलावली. हे आमचं शेवटचं बोलणं.

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई माझं नाव विचारत होती. मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, "तुमच्या वडिलांना आम्ही इथल्या दवाखान्यात आणलंय. तुम्ही लगेच निघा." कुठल्या, असं मी विचारलं. तिने गावाचं नाव सांगितलं.

ते गाव मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण त्याचा पत्ता मला तोंडपाठ होता. कंपनीच्या प्रत्येक घोषणेच्या तळाशी, 'कारखाना' ह्या शब्दापुढे, मी तो शेकडो वेळा टाइप केला होता.

"तुमची काहीतरी चूक होतेय," मी म्हटलं. "माझे वडील दाताच्या डॉक्टरकडे गेलेत."

"पिशवीत तुमचा नंबर आहे," ती म्हणाली. "चौकटीचा शर्ट. उंच आहेत."

मी तीन तास टॅक्सीत बसले. पोचले तेव्हा डॉक्टर माझ्याशी फार हळू बोलले आणि मला कळलं. बसथांब्यावरच सगळं संपलं होतं. हृदय. दवाखान्यात आणणं ही नुसती औपचारिकता होती. मी आईला फोन केला. तिने मला गावाचं नाव दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "दाताला जातो म्हणाले. कवळी तर इथे वाटीत आहे." मग पुन्हा, "अगं, कवळी घरी ठेवून कुणी दाताला जातं का?" तिच्या आवाजात रडू नव्हतं. कुणीतरी हिशेबाबाहेरचं काहीतरी समोर ठेवावं आणि माणसाने ते नुसतं बघत राहावं, तसा आवाज होता.

फोन करणारी बाई अजून बाहेर बसली होती. ती बसथांब्यावरच्या तिकीटखिडकीत कामाला होती. ड्यूटी संपवून आली होती, घरी गेली नव्हती.

"सकाळच्या बसने उतरले," तिने सांगितलं. "मला विचारलं, झडपांचा कारखाना कुठे. म्हटलं, आजोबा, तिथे आता कुणी नसतं. तर म्हणाले, नसलेलंच बघायचंय. गमतीचे होते. दुपारी परत आले, घामाघूम. बस कितीला म्हणून तीनदा विचारलं. मी म्हटलं, एवढी घाई कशाची? तर म्हणाले, आमच्या मास्तरांना भेटायचंय, संध्याकाळच्या आत." ती थांबली. "शाळेतले का कुणी?"

"नाही," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

तिने पिशवी माझ्या हातात दिली. त्यात पाण्याची बाटली होती, टोपी होती आणि मी दोन वर्षांपूर्वी घेऊन दिलेला टॅब होता. ते त्यावर बुद्धिबळ खेळतात असं मला वाटायचं. बोटं जाड, अक्षरं बारीक, म्हणून बोललेलं टाइप करून देण्याची सोय मीच त्यांना शिकवली होती. स्वल्पविराम तोंडाने बोलायचा असतो, असं सांगितल्यावर ते खूप हसले होते. "स्वल्पविराम असं मोठ्याने म्हणायचं? भिंतीही हसतील." मला मात्र ते कधी संदेश पाठवत नसत. फोन करत. त्यामुळे त्यांचं लिहिणं कसं दिसतं ते मला माहीतच नव्हतं.

टॅबवर आधी फोटो दिसले. त्याच सकाळचे. गंजलेलं कुलूप. ट्रकचं वजन करायचा काटा, त्यावर गुडघाभर गवत. मग एक शेड, फुटलेल्या खिडकीतून काढलेली. आत सिमेंटचा चौथरा आणि चौथऱ्यातून वर आलेले बारा बोल्ट. त्यांच्यावर काहीच नाही. भट्टी जिथे असायला हवी तिथे उन्हाचा एक चौकोन पडला होता.

त्यामागे मंच उघडा होता. वर उजव्या कोपऱ्यात, जिथे आपलं नाव दिसतं तिथे, लिहिलं होतं: शेवटचा बाक.

मी ते वाचलं. मग परत वाचलं. दवाखान्याच्या भिंतीवर घड्याळ होतं, मी त्याच्याकडे पाहिलं आणि किती वाजले ते मला सांगता येईना. काटे दिसत होते, वेळ कळत नव्हती. तिकीटखिडकीतली बाई काहीतरी विचारत होती. मी उठून बेसिनपाशी गेले आणि हात धुतले. घाण काहीच लागली नव्हती, तरी धुतले.

परत येऊन बसले तेव्हा खाली न पाठवलेला मजकूर दिसला. बसथांब्यावर बसून बोललेला असणार.

'आज जाऊन आलो शेडमध्ये पायाचे बोल्ट आहेत भट्टी आलेलीच नाही शेजारच्या गोदामाचा पहारेकरी म्हणतो दीड वर्ष कुणी फिरकलं नाही फोटो आहेत पण आज टाकणार नाही आधी घरी बोलायचं आहे माझी मुलगी तिथे काम करते भिंतीच्या तापाची कालची थट्टा आमच्याच घरातली आहे तिचा मला राग नाही तिला हे माहीत नसेल'

त्यानंतरच्या दोन आठवड्यांबद्दल मला फार सांगता येणार नाही. माणसं आली, बसली, गेली. आईने नळ दुरुस्त करायला कुणाला बोलावू दिलं नाही. बाबांच्या कागदांत शेअरची एक पावती सापडली. आमच्या कंपनीचे शंभर शेअर. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात घेतलेले आणि नंतर कधीच न विकलेले. म्हणजे आधी तेही ढोलवालेच होते. फोटो बघून खडेवाले झाले.

आई रोज एकदा विचारायची. भांडी लावता लावता, माझ्याकडे न बघता. "तिकडे कशाला गेले होते गं?"

"कळत नाही," मी म्हणायचे. कवळी वाटीतच होती. आमच्या दोघींपैकी कुणीही ती हलवली नव्हती.

एका दुपारी मी मंच उघडला. का उघडला ते ठाऊक नाही. कुणीतरी विचारलं होतं, "शेवटचा बाक कुठे गायब?" त्याखाली बाराहजारीचं उत्तर होतं, "आजोबा वारले वाटतं." तीनशे लोक हसले होते. त्याला काही माहीत नव्हतं. गंमत केली होती, मी केली होती तशीच. त्याचा रागही मला येईना. राग यायला आपण स्वच्छ असावं लागतं.

मॅडमचा फोन आला. आधी त्या खरोखर वाईट वाटून बोलल्या. त्यांचेही वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. मग म्हणाल्या, "सभेला मात्र तूच हवीस. भागधारकांचे प्रश्न वाचून दाखवायला तुझ्यासारखा शांत आवाज कुणाचा नाही. आणि जमलं तर मंचावर एक ओळ टाक. तो बाक पळाला म्हणून. उत्तर नव्हतं म्हणून पळाला, एवढंच. मालकांना बरं वाटेल."

"सभेला येते," मी म्हटलं. ओळीबद्दल काही बोलले नाही.

सभेच्या सकाळी मी बाबांचा टॅब आईसमोर ठेवला. सभा पडद्यावरच होती, ज्याच्याकडे शेअर त्याला घरबसल्या हजर राहता येत होतं. बाबांच्या नावाने मी आत शिरायची सोय करून दिली.

"हे काय आहे?"

"अकरा वाजता सुरू होईल. तू नुसती बस. मी बोलणार आहे."

"कशाबद्दल?"

"तू रोज विचारतेस त्याबद्दल."

तिने टॅब घेतला, पदराने त्याची काच पुसली आणि खुर्ची ओढली.

ऑफिसच्या सभाखोलीत लांब टेबल होतं आणि समोर मोठा पडदा. टेबलाच्या त्या टोकाला मालक, मधे हिशेबाचे दोघे, ह्या टोकाला मॅडम आणि मी. माझ्यापुढे मंजूर झालेल्या नऊ प्रश्नांचा कागद होता आणि एक माइक. पडद्याच्या कडेला हजर भागधारकांची नावं वर सरकत होती. त्यात बाबांचं नाव आलं. त्यापुढे एक छोटा हिरवा ठिपका.

मालक भाषण करत होते. "मध्यंतरी इंटरनेटवर काही जण आपल्या नव्या भट्टीबद्दल बरंच बोलत होते," ते हसून म्हणाले. "आता गप्प झालेत. सत्य बोललं की बाकीचे गप्प होतात." हिशेबाचे दोघे हसले. मॅडमनी मला खूण केली. माइक सुरू झाला.

मी पहिला प्रश्न वाचला, लाभांशाचा. मालकांनी उत्तर दिलं. दुसरा परदेशातल्या ऑर्डरींचा. तिसऱ्यात कुणीतरी मालकांच्या दूरदृष्टीचं कौतुकच केलं होतं. प्रश्न असा नव्हताच, पण तो यादीत होता. माझा आवाज खरोखरच शांत होता. तो तसा का आहे, हे मलाच कळत नव्हतं.

"चौथा प्रश्न," मी म्हटलं आणि कागद उलटा ठेवला. "हा यादीत नाही. शंभर शेअरच्या एका भागधारकांचा आहे. ते स्वतः येऊ शकले नाहीत, त्यांच्या जागी माझी आई बसली आहे. प्रश्न असा. भट्टी कधी पेटवली, ती तारीख सांगावी."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. मालक म्हणाले, "हा प्रश्न कुठून आला?"

मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. "अगं," त्या माइकपासून तोंड वळवून म्हणाल्या, "आत्ता नको. तू भानावर नाहीस. घरी जा, मी सांभाळते सगळं."

त्या मनापासून म्हणत होत्या. मला तिथून उठता आलं असतं. सगळ्यांनी समजून घेतलं असतं. पोरीचे वडील गेलेत.

मी हात सोडवून घेतला. पडद्यावर हिरवा ठिपका होता, आणि त्याच्यामागे स्वयंपाकघरात आई ताठ बसली असणार.

"मंचावर शेवटचा बाक नावाने लिहिणारे माझे बाबा होते," मी म्हटलं. "ते पळाले नाहीत. ते तुमचा कारखाना बघायला गेले होते आणि परतीच्या बसची वाट बघताना वारले. तिथे भट्टी नाही. फोटो माझ्याकडे आहेत. त्यांच्यावर सगळे हसले ती ओळ मी लिहिली होती. आणि बाबा, तुम्ही लिहिलंत की तिला माहीत नसेल. मला माहीत होतं. तो फोटो आपल्या भट्टीचा नव्हता. त्याचा कोपरा मी कापला."